वेदनेवाचून श्रम : वर्धा जिल्ह्यातील कुष्ठकार्य आणि अपंग व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा व सुरक्षिततेचा प्रश्न

अपंगत्व आलेल्या व्यक्तीने स्वतंत्रपणे जगावे की सुरक्षितपणे, असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. या मांडणीतच एक गृहीत दडलेले आहे. स्वातंत्र्य वाढले की सुरक्षितता त्या प्रमाणात घटते, आणि सुरक्षितता वाढवावयाची तर स्वातंत्र्याला तेवढी कात्री लागलीच पाहिजे, असे ते गृहीत होय. ते कितपत खरे आहे हे तपासण्यास वर्धा जिल्ह्यातील कुष्ठकार्याइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल. या जिल्ह्यात १९३६ पासून कुष्ठरुग्णांची शुश्रूषा आणि त्यांचा श्रम यांचा विचार एकत्र झालेला आहे. शिवाय कुष्ठरोगामुळे येणारे अपंगत्व असे विलक्षण आहे की, माणसाला पोसणारा श्रमच त्याचे हातपाय झिजवू शकतो. म्हणून स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांमधील ताण येथे अत्यंत स्पष्ट रूपात दिसतो.

प्रस्तुत लेखात प्रथम या अपंगत्वाचे शारीरिक स्वरूप सांगितले आहे. नंतर ‘सुरक्षितता’ या शब्दाचा अर्थ गेल्या शतकात कसा बदलत गेला ते पाहिले आहे, आणि शेवटी घरी व शेतात हा ताण प्रत्यक्ष कसा सोडविता येतो याचा विचार केला आहे.

१. न दुखणारी जखम

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधून काढला. हा जंतू मुख्यतः त्वचा आणि त्वचेजवळून जाणारे मज्जातंतू यांवर आघात करतो. कोपराजवळील मज्जातंतू दुखावला की करंगळी व तिच्याशेजारचे बोट बधिर होते आणि कालांतराने आत वळते. घोट्याजवळील मज्जातंतू दुखावला की तळपायाची संवेदना जाते. गुडघ्याजवळील मज्जातंतू गेला तर पाऊल वर उचलता येत नाही, ते लोंबते. चेहऱ्यावरील मज्जातंतू दुर्बल झाला तर पापणी पूर्ण मिटत नाही. त्यातच बुबुळाची संवेदना गेली असेल, तर डोळ्यात गेलेले कुसळही कळत नाही.

कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ पासून काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी ती समजूत तपासून पाहिली. रुग्णांच्या नव्या जखमांचा ते रोज मागोवा घेत. जवळजवळ प्रत्येक जखमेच्या मागे एखादी साधी घटना आढळे : तापलेले भांडे उचलणे, खिळा बोचलेल्या पायाने मैलभर चालणे, हत्यार प्रमाणाबाहेर घट्ट धरणे. रात्री निजलेल्या माणसाची बधिर बोटे उंदीर कुरतडत आणि तो जागाही होत नसे. तेव्हा वेल्लोरहून घरी परतणाऱ्या रुग्णाने सोबत मांजर न्यावे, अशी प्रथा तेथे पाडण्यात आली. पायाच्या जुन्या व्रणावर प्लास्टर घालून भार योग्य रीतीने वाटून दिला, की तो व्रण काही आठवड्यांत भरून येई. यावरून मांस सडलेले नसते, त्याला फक्त विसावा मिळालेला नसतो, ही गोष्ट सिद्ध झाली.

या शोधाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. तूर कापून झालेल्या वावरातून अनवाणी चालताना खुंट रुतला, तर संवेदना शाबूत असलेला माणूस तत्क्षणी पाय उचलतो आणि पुढे आठवडाभर लंगडत चालतो. हे लंगडणे म्हणजेच शरीराने योजलेला उपचार होय. दुखऱ्या जागेवरचा भार त्यामुळे दूर होतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. तो त्याच जागेवर भार देऊन दिवसभर चालतो, संध्याकाळी घरी येतो, आणि जखम दिसली तरी ती दुखत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातो. वेदना ही आपत्ती आहे असे सर्वसाधारणतः मानले जाते. पण येथे वेदनेचा अभाव हीच आपत्ती ठरते.

आणखी एक बाब अशी की, रोग बरा झाला तरी ही स्थिती राहू शकते. बहुविध औषधोपचाराने जंतूंचा नाश ६ किंवा १२ महिन्यांत होतो. मज्जातंतूची इजा नवी असेल, तर वेळीच दिलेल्या स्टेरॉइड औषधांनी संवेदना परत येण्याचा संभव असतो. ती जुनी झाली म्हणजे सहसा परत येत नाही. अशा रीतीने रोगमुक्त झालेला माणूस उरलेले सर्व आयुष्य बधिर हातापायांनी जगतो. त्याला यापुढे रुग्णालयाची गरज मुख्यतः जखम झाल्यावरच पडावयाची. पण जखम होऊ न देण्याचे काम मात्र रोजचे असते, आणि ते रुग्णालयात होऊ शकत नाही.

२. सुरक्षितता कोणाची?

कुष्ठरोगाच्या संदर्भात सुरक्षिततेचा जो पहिला अर्थ कायद्याने मान्य केला, तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा नव्हता. १८९८ च्या कुष्ठरोगीविषयक कायद्याने निर्धन रुग्णाला पकडून आश्रयस्थानात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. जेथे तो लागू केला जाई तेथे रुग्णाने विकण्यासाठी अन्न तयार करणे, सार्वजनिक विहिरीचे पाणी भरणे, भाड्याच्या वाहनात बसणे यांवर बंदी घालता येत असे. येथे सुरक्षितता होती ती इतरांची, आणि तिची किंमत रुग्णाने आपल्या स्वातंत्र्याने चुकवावयाची होती. बहुसंख्य माणसांत या रोगाविरुद्ध निसर्गतःच प्रतिकारशक्ती असते आणि उपचार सुरू होताच संसर्गाची शक्यता झपाट्याने नाहीशी होते, हे ज्ञात झाल्यानंतरही तो कायदा दीर्घकाळ टिकून राहिला. केंद्रीय कायद्यांच्या पुस्तकातून तो २०१६ मध्ये काढून टाकण्यात आला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी तर २०१९ पर्यंत व्यक्तिगत कायद्यांत होत्या.

या पार्श्वभूमीवर वर्ध्याजवळील दत्तपूर येथे १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी विनोबा भावे यांच्या प्रेरणेने जे कार्य आरंभिले, त्याचे वेगळेपण लक्षात येते. त्या काळी देशातील बहुतेक कुष्ठाश्रम परदेशी मिशनऱ्यांनी चालविलेले होते. दत्तपूरचे कार्य या देशातील एका कार्यकर्त्याने निव्वळ सेवाभावाने चालविलेले म्हणून गांधीजींनी आपल्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत त्याचा उल्लेख केला. वर्ध्याच्या आश्रमीय वातावरणात श्रमाला जे स्थान होते, तेच येथेही लाभले. राहणारा माणूस केवळ अन्न घेणारा न राहता शेती, सूतकताई, विणकाम अशा उद्योगांत आपला वाटा उचलणारा व्हावा, ही त्यामागील दृष्टी होती.

सेवाग्रामचा प्रसंग याच संदर्भात पाहिला पाहिजे. गांधीजींचे येरवडा तुरुंगातील परिचित, संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री १९३९ मध्ये कुष्ठरोगाने ग्रासलेल्या अवस्थेत सेवाग्रामला आले. त्यांच्यासाठी आश्रमाच्या आवारातच एक कुटी उभारण्यात आली आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा व मालिश करीत. पुढे ते दत्तपूरला राहिले आणि १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. सेवाग्रामच्या आवारात त्यांची कुटी आजही दाखविली जाते. तिचे स्थान बोलके आहे : ती इतर कुटींपासून काहीशी अलग, तरीही आश्रमाच्या सीमेच्या आत आहे. त्या काळच्या वैद्यकीय समजुतीनुसार इतरांच्या सुरक्षिततेसाठी काही अंतर ठेवणे भाग वाटले असेल. परंतु ते अंतर कुंपणापलीकडचे नव्हते. सुरक्षितता आणि बहिष्कार यांमध्ये रेषा कोठे ओढावी, याचे ते एक प्रत्यक्ष उत्तर होते.

३. श्रमाची दुधारी बाजू

श्रमाने प्रतिष्ठा येते, हे सूत्र पुढे या भागातील कुष्ठकार्याचे अधिष्ठानच बनले. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे १९१४ मध्ये जन्मलेल्या बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. तेथील खडकाळ जमिनीवर रोगमुक्त व रोगग्रस्त माणसांनी विहिरी खोदल्या, शेती केली, घरे बांधली. ज्यांना समाजाने भिक्षेवाचून अन्य मार्ग ठेवला नव्हता, त्यांनी धान्य पिकवून विकले. या कार्याचे सामाजिक महत्त्व निर्विवाद आहे.

परंतु पहिल्या विभागात सांगितलेली शारीरिक वस्तुस्थिती येथे आडवी येते. कुदळीचा दांडा बधिर हाताने धरणारा माणूस तो किती घट्ट धरला आहे हे जाणू शकत नाही. पकड सुटू नये म्हणून तो ती आवश्यकतेहून अधिक आवळतो. डॉ. ब्रँड यांनी एक प्रसंग नमूद केलेला आहे. गंजलेल्या कुलपात किल्ली त्यांच्याने फिरेना. तेव्हा जवळच्या एका मुलाने ती सहज फिरविली, आणि त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले. शक्ती त्या मुलाची अधिक नव्हती. त्याला थांबविणारी वेदना तेवढी नव्हती. असा मुलगा उद्या कुदळ चालवू लागला, तर तो सर्वांहून अधिक काम करील आणि सर्वांत आधी आपली बोटे गमावील.

म्हणजे कुष्ठकार्य करणाऱ्यांपुढे दोन्ही बाजूंनी संकट होते. कामाची बंदी केली तर हात सुरक्षित राहतील. पण माणूस पुन्हा आश्रित होईल आणि हाताचे राखणे निरर्थक ठरेल. काम मोकळे सोडले तर माणूस स्वावलंबी होईल. पण ते स्वावलंबन काही वर्षांत त्याच्या बोटांबरोबरच संपेल. स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांपैकी एकाची निवड करा असे म्हणणारा सिद्धान्त येथे निरुपयोगी ठरतो, कारण यांतील कोणतेही एक दुसऱ्यावाचून टिकत नाही. हात उरला नाही तर स्वातंत्र्य नाही. आणि हाताला काम नसेल तर तो जपण्यास कारण नाही.

४. आश्रमाकडून घराकडे

१९५१ मध्ये गांधी स्मारक निधीच्या आश्रयाने गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले व त्याचे मुख्य कार्यालय वर्ध्यास राहिले. डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री स्वीकारली. रुग्णाला संस्थेत आणण्याऐवजी कार्यकर्त्यानेच गावोगाव, घरोघर जावे, रोग आरंभीच ओळखावा, गावास त्याची खरी माहिती द्यावी आणि रुग्णाला घरी ठेवूनच डॅप्सोनच्या गोळ्या द्याव्यात, असा तो क्रम होता. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाची दिशाही हीच होती. पुढे बहुविध औषधोपचाराचा देशात जिल्हापातळीवर अवलंब झाला, तेव्हा आरंभीच्या जिल्ह्यांत पश्चिम बंगालमधील पुरुलिया याबरोबर वर्ध्याचाही समावेश होता.

घरी उपचार होणे हे रुग्णाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने फार मोठे पाऊल होते. नोकरी, शेती, संसार, मुलांची शाळा यांपैकी काहीही त्याला सोडावे लागत नव्हते. परंतु त्याबरोबर सुरक्षिततेचा भारही संस्थेकडून घराकडे आला. आश्रमात पट्टी बांधणारा कोणी होता, चप्पल देणारा कोणी होता, कामाचे वाटप पाहणारा कोणी होता. घरी हे सर्व रुग्णाला व त्याच्या माणसांना करावयाचे होते. गोळ्या वाटल्या म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या व्यवस्थेत हा दुसरा भाग सहज विसरला जातो. रोग गेला, नोंदवहीतून नाव गेले, आणि बधिर पाय तेवढा राहिला. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रोगाचे प्रमाण दर दहा हजारांस एकाच्या खाली आले. परंतु या मोजमापात रोगमुक्त होऊनही अपंगत्वासह जगणाऱ्यांची गणना होत नाही, हे विसरता कामा नये.

५. कृत्रिम वेदनेचा प्रयोग

बधिर माणसाला सावध करणारे एखादे यंत्रच दिले तर? हा विचार प्रत्यक्षात आणून पाहिला गेला आहे, आणि त्याचे फलित प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत उद्‌बोधक आहे. डॉ. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाब मोजणारी साधने बसविलेले हातमोजे व पायमोजे तयार केले. दाब धोक्याच्या पातळीवर गेला की प्रथम कानाशी आवाज होई. लोक तो आवाज ऐकत आणि काम तसेच पुढे चालू ठेवीत. मग संवेदना शाबूत असलेल्या काखेत विजेचा सौम्य झटका देण्याची योजना करण्यात आली. तेव्हा असे आढळले की, एखादे काम पुरे करावयाचे असले की माणूस झटक्याचे बटणच बंद करी, काम उरकी, आणि नंतर ते पुन्हा सुरू करी.

या प्रयोगावरून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, माणसाच्या हाती निवड ठेवली तर तो आपले अहित करतो. सबब निवड त्याच्या हाती ठेवू नये. हा निष्कर्ष सोपा आहे आणि चुकीचाही आहे. संवेदना शाबूत असलेला माणूस आपल्या वेदनेचे बटण बंद करू शकत नाही. पण शक्य असते तर हातातले काम पुरे करण्यासाठी त्यानेही ते केलेच असते. बटण बंद करणारा माणूस बेफिकीर नसतो. त्याच्या दृष्टीने हातातील काम ही तत्काळची आणि जखम ही दूरची गोष्ट असते, एवढेच.

दुसरा व अधिक योग्य निष्कर्ष असा की, काम आणि इशारा यांची जेथे स्पर्धा लागते तेथे इशारा हरतो. तेव्हा इशारा अधिक तीव्र करण्यापेक्षा ती स्पर्धाच टाळली पाहिजे. वर्धा जिल्ह्यातील एक उदाहरण घेता येईल. कापूस वेचणीची मजुरी किलोवर दिली जाते. जितके अधिक वेचावे तितकी रोजी अधिक. वाळलेल्या बोंडांच्या पाकळ्यांची टोके टोचरी असतात. संवेदना असलेल्या बोटांना ती आपोआप चुकविता येतात. बधिर बोटांच्या मजूर स्त्रीने प्रत्येक बोंड पाहून वेचावयाचे म्हटले, तर तिची वेचणी निम्म्यावर येईल. तिला ‘जपून काम कर’ असे सांगणे म्हणजे ‘अर्ध्या मजुरीवर काम कर’ असे सांगणे होय. तिने तो सल्ला मानला नाही, तर दोष तिच्या समजुतीत नसून मजुरीच्या पद्धतीत आहे. व्यक्तीच्या सुरक्षिततेचा प्रश्न अशा रीतीने वैद्यकाच्या कक्षेतून निघून अर्थव्यवस्थेच्या कक्षेत शिरतो.

६. साधन बदलावे, माणूस नव्हे

ही स्पर्धा टाळण्याचा पहिला मार्ग म्हणजे साधनात बदल करणे. विळा, खुरपे, कुदळ यांचा दांडा जाड व गुळगुळीत केला आणि त्यावर कापड किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, की पकडीचा दाब मोठ्या भागावर विभागला जातो. भांडी चुलीवरून उतरविताना सांडशी अथवा जाड फडके वापरावे, उलथन्याला लाकडी मूठ असावी, आंघोळीचे पाणी बोटांनी न पाहता कोपराने पाहावे. विडी ओढणाऱ्याची दोन बोटे भाजतात, ती विडी सोडल्याने किंवा नळी वापरल्याने वाचतात. यांपैकी एकाही योजनेत कामाची बंदी नाही. काम तेच राहते, मात्र त्यातील घातक क्षण काढून टाकलेला असतो.

दुसरा मार्ग नित्याच्या सवयीचा आहे. वेदना जे काम न सांगता करते, ते येथे डोळ्यांनी करावयाचे असते. संध्याकाळी हात व पाय नीट न्याहाळावेत. तळवा दिसत नसेल तर आरशाचा किंवा घरच्या माणसाचा उपयोग करावा. लाल झालेली, फुगलेली वा इतर भागापेक्षा गरम लागणारी जागा हा येऊ घातलेल्या जखमेचा इशारा होय. त्या जागेला विसावा दिला तर व्रण टळतो. मज्जातंतूंबरोबर घाम येण्याची क्रियाही मंदावते, त्यामुळे त्वचा कोरडी पडून भेगा जातात. यासाठी हातपाय सुमारे वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवून ठेवावेत, घट्टे दगडाने हलके घासावेत आणि त्वचा ओलसर असतानाच घरात असेल ते तेल लावावे. खोबरेल, जवस, करडई यांपैकी कोणतेही चालते. या कृतीला खर्च जवळजवळ नाही. मात्र तिला वेळ, पाणी आणि निवांतपणा लागतो. वैशाखात जेथे पिण्याचे पाणीही दुरून आणावे लागते, तेथे पाय भिजविण्यास रोज घमेलेभर पाणी वेगळे काढणे ही साधी गोष्ट नाही. सुरक्षिततेचे शिक्षण देणाऱ्याने हा हिशेब सांगण्याआधीच करावयास हवा.

तिसरे साधन पादत्राण होय. आत मऊ सूक्ष्मछिद्री रबर, खाली काटा न शिरू देणारा कठीण तळ, खिळ्यांऐवजी शिवण व चिकटण, आणि पाऊल निसटू नये म्हणून मागे पट्टा, अशी ही चप्पल असते. राष्ट्रीय कार्यक्रमातर्फे ती पुरविली जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापलेल्या वाटेवर बधिर पावलाला तिच्यावाचून गत्यंतर नाही. तरीही ती मिळूनही न वापरणारे अनेक असतात. कारण असे की, विशिष्ट रंगाची व घडणीची चप्पल पाहताच गावाला रोगाचे नाव कळते. ती चप्पल पाय वाचविते आणि माणसाला उघडे पाडते. मुलीचे लग्न ठरावयाचे असलेला बाप ती पायात न घालता बाजारास जातो, तेव्हा तो अडाणीपणाने तसे करीत नाही; एका धोक्याची दुसऱ्या धोक्याशी तुलना करून तो निवड करीत असतो. बाजारातील इतर चपलांसारखीच दिसणारी पण आतून योग्य घडणीची चप्पल दिली, की ही निवड करण्याची पाळीच त्याच्यावर येत नाही. सुरक्षिततेचे साधन वापरणाऱ्याची ओळख जाहीर करणारे असू नये, हे तत्त्व सर्वच प्रकारच्या अपंगत्वास लागू पडते.

७. निर्णय कोणाचा?

साधने सुधारली तरी काही धोका उरतोच, आणि तो पत्करावा की नाही हा निर्णय कोणी तरी घ्यावा लागतो. घरांत तो निर्णय बहुधा प्रेमापोटी इतरच घेतात. ‘तुम्ही बसा, हात लावू नका’ हे वाक्य अशा घरांतून ऐकू येते. या एका वाक्यात दोन भिन्न अर्थ असू शकतात : ‘तुम्हांला लागेल’ हा एक, आणि ‘आम्हांला लागण होईल’ हा दुसरा. ज्याला ते ऐकावे लागते त्याला यांतील कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे ओळखता येत नाही. कित्येकदा बोलणाऱ्यालाही ते नीट ठाऊक नसते. १८९८ च्या कायद्यातील सुरक्षितता आणि घरच्या मायेतील सुरक्षितता या अशा रीतीने एकाच शब्दात मिसळून जातात. म्हणून संरक्षणाची कोणतीही योजना पारखताना ती कोणाच्या सुरक्षिततेसाठी आहे, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला पाहिजे.

अमेरिकेतील रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींविषयी लिहिताना धोका पत्करण्यातही मानवी प्रतिष्ठा असते, असा विचार मांडला. सर्व धोक्यांपासून दूर ठेवलेली व्यक्ती वाढीच्या संधीपासूनही दूर राहते, असा त्याचा आशय आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपंगांनीच चालविलेले स्वतंत्र जीवनाचे केंद्र स्थापन केले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारात, ज्याला भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले, स्वतंत्रपणे व समाजात राहण्याचा हक्क एकोणिसाव्या अनुच्छेदात आणि शोषण व अत्याचार यांपासून संरक्षणाचा हक्क सोळाव्या अनुच्छेदात सांगितला आहे. दोन्ही हक्क एकाच व्यक्तीचे आहेत. एकासाठी दुसरा गहाण टाकावा असे तेथे म्हटलेले नाही.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ या व्याख्येत हातापायांची संवेदना गेली आहे परंतु दृश्य विकृती नाही, अशा व्यक्तीचाही समावेश केला आहे. ही तरतूद शास्त्रीय दृष्टीने अचूक आहे, कारण अपंगत्वाचा आरंभ संवेदना जाण्यापासूनच होतो. तथापि नोकरीतील आरक्षणासारखे लाभ ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्वाशी जोडलेले आहेत. त्यामुळे ज्याची बोटे अद्याप शाबूत आहेत त्याला मदत कमी मिळते, आणि बोटे गेल्यावर ती वाढते. जपण्याजोगे जेव्हा सर्वांत अधिक असते, तेव्हाच आधार सर्वांत कमी असावा, ही विसंगती अभ्यासकांनी दृष्टिआड करू नये. आरोग्य कार्यकर्ती बॉलपेनच्या टोकाने किंवा तळपायासाठी १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने संवेदनेची परीक्षा करू शकते. एवढ्या साध्या साधनाने कळणारी गोष्ट पुरविण्याच्या योजनेत उशिरा का पोचावी, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून संरक्षणाच्या योजनेची तीन कसोट्यांवर परीक्षा करता येईल. ती योजना त्या व्यक्तीच्याच सुरक्षिततेसाठी आहे काय? धोक्याचे पुरेसे ज्ञान देऊन तिने स्वतः ती स्वीकारली आहे काय? आणि ती व्यक्तीला पुन्हा तिच्या कामाकडे व माणसांकडे नेते काय? पायाला काही आठवडे प्लास्टर घालणे हे स्वातंत्र्यावरचे मोठे बंधन आहे. तरीही ते तिन्ही कसोट्यांस उतरते, कारण ते मर्यादित काळाचे आहे आणि त्याच्या शेवटी चालणे आहे. उलट आयुष्यभर घराच्या पडवीत वेगळ्या ताटावर जेवू घालणे, हे दिसावयास सौम्य असले तरी यांपैकी एकाही कसोटीस उतरत नाही.

बाबा आमटे यांना मणक्याच्या विकारामुळे पुढे बसणे अशक्य झाले. ते उभे राहू शकत किंवा पडून असत. तरीही १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते सामील झाले, आणि त्यासाठी वाहनात पडून प्रवास करण्याची सोय करण्यात आली. यात्रा सोडावी असे न ठरता वाहन बदलावे असे ठरले. कुदळीच्या दांड्यावर ट्यूबची पट्टी गुंडाळणाऱ्या शेतमजुराच्या कृतीमागेही हाच विचार आहे. दोन्ही ठिकाणी कोठे जावयाचे हे त्या माणसाने ठरविले आहे, आणि कसे जावयाचे याची काळजी त्याने व त्याच्या सोबत्यांनी मिळून घेतली आहे. वर्धा जिल्ह्यातील कुष्ठकार्याच्या दीर्घ अनुभवातून अपंगत्वाच्या अभ्यासकाला घेता येण्याजोगा धडा हाच आहे : सुरक्षिततेचा विचार साधनांपाशी सुरू व्हावा, आणि उद्दिष्ट ठरविण्याचा अधिकार ज्याचे हातपाय पणाला लागलेले आहेत त्याच्यापाशी राहावा.